स्विम स्पा आणि पाण्याचं बिल

प्रश्न : घरी स्विम स्पा (पाण्याच्या झोताविरुद्ध जागच्या जागी पोहता येईल असा छोटा, कोमट पाण्याचा तलाव) बसवायचा आहे. पाण्याचा वार्षिक खर्च कसा काढावा?

उत्तर : क्षमता माहितीपत्रकातूनच घ्या. लांबी, रुंदी, खोलीचा गुणाकार फसवतो, कारण आत बैठका आणि उतार असतात. समजा, 6000 लिटर आहे आणि पाणी वर्षातून दोनदा बदललं, तर 12,000 लिटर झाले.

खरी गोम रोजच्या घटीत. हे पाणी कोमट, त्यामुळे वाफ बरीच होते. शिवाय पोहताना उडतं ते वेगळंच. मी ग्राहकांना आतल्या भिंतीवर पाण्याच्या रेषेशी पट्टी धरून आठवडाभर मोजायला लावतो. 4 बाय 2 मीटर पृष्ठभागावर पातळी 1 सेंटिमीटर उतरली, की 80 लिटर गेले. दर आठवड्याला तेवढीच घट धरली, तर वर्षाला सव्वाचार हजार लिटरच्या आसपास. म्हणून झाकणावर काटकसर करू नका, अगदी कळकळीने सांगतो! ते पाणी राखतं आणि तापवण्याची वीजही.

फिल्टर धुण्याचं थोडं पाणी मिळवा. एकूण लिटरला 1000 ने भागून बिलावरच्या दर हजार लिटरमागच्या दराने गुणा. सांडपाण्याचा आकार वेगळा लागत असेल, तर तोही धरा. टँकरने भरणार असाल, तर वाहतुकीसकट दर विचारा.