मुद्राचित्रांच्या लिलावातील तज्ज्ञ व्हायचे आहे

प्रश्न : मी कला महाविद्यालयात मुद्राचित्रण (प्लेट किंवा दगडावर चित्र तयार करून ते कागदावर छापण्याची कला) हा विषय घेऊन पदवीच्या शेवटच्या वर्षात शिकत आहे. परदेशातील मोठ्या लिलावगृहांत मुद्राचित्रांसाठी वेगळा विभाग आणि वेगळे तज्ज्ञ असतात, असे वाचनात आले. त्यांचे काम नेमके काय असते? हे क्षेत्र श्रीमंतांच्या ओळखीपाळखीवर चालते, असे घरच्यांचे म्हणणे आहे. आपल्याकडे याला वाव आहे का?
– एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : लिलावाच्या दिवशी फोनवरून बोली घेणारी जी माणसे आपल्याला दिसतात, त्यांच्या कामाचा तो सर्वांत छोटा भाग असतो. खरे काम त्याआधी काही महिने टेबलावर, भिंग आणि दिवा घेऊन चालते. विक्रीला आलेला कागद नेमका कोणता आहे, तो केव्हा छापला गेला, त्याची अवस्था कशी आहे आणि त्याला किती किंमत येऊ शकेल, हे ठरवून जबाबदारीने लिलावाच्या सूचीत लिहिणे, हे तज्ज्ञाचे काम.

एकाच प्लेटवरून अनेक प्रती निघतात आणि त्या सगळ्या ‘खऱ्या’ असूनही सारख्या मोलाच्या नसतात, ही या शाखेची खरी अडचण आहे आणि तिचे आकर्षणही त्यातच आहे. डच चित्रकार रेम्ब्रांट 1669 मध्ये वारला, पण त्याच्या अनेक तांब्याच्या प्लेट टिकून राहिल्या आणि अठराव्या शतकात पॅरिसमध्ये त्यांवरून पुन्हा छपाई झाली. त्याने स्वतःही एकेका प्लेटमध्ये वारंवार फेरफार केले होते. त्यामुळे आपल्या हातातील प्रत त्यांपैकी कोणत्या टप्प्यावरची आहे, हे आधी ठरवावे लागते. ड्रायपॉइंटमध्ये सुईने तांबे ओरखडताना रेघेच्या कडेला धातूची जी बारीक किनार उभी राहते, ती शाई धरून ठेवते आणि कागदावर मखमलीसारखा काळा रंग उतरतो. प्रेसच्या दाबाखाली ही किनार थोड्याच प्रतींत झिजते. म्हणून पहिल्या काही प्रतींतील दाट छाया आणि नंतरच्या प्रतींतील कोरडी, करडी रेघ शेजारी शेजारी ठेवून पाहिली, की किंमतीत एवढी तफावत का पडते ते वेगळे सांगावे लागत नाही. स्पॅनिश चित्रकार गोयाची युद्धावरील 80 मुद्राचित्रांची मालिका तर 1863 मध्ये, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर 35 वर्षांनी प्रथम प्रकाशित झाली. तिला बनावट म्हणणे चूक ठरेल, आणि गोयाने हयातीत काढलेल्या मोजक्या चाचणी-प्रतींच्या रांगेत तिला बसवणे ही ग्राहकाची फसवणूक ठरेल. सूचीतील एका ओळीत हा फरक नेमका सांगता आला पाहिजे.

ही नजर संगणकाच्या पडद्यावर तयार होत नाही. तिच्यासाठी मूळ कागद पुष्कळ पाहावे लागतात. उजेडासमोर धरून जलचिन्ह (कागद बनवतानाच त्यात उमटलेली खूण) शोधणे, समास कापला आहे का ते तपासणे, मागच्या बाजूचे डिंकाचे डाग आणि दुरुस्ती ओळखणे, हे हळूहळू अंगवळणी पडते. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये मुद्राचित्रांचा अभ्यासकक्ष आहे आणि आगाऊ वेळ ठरवून कोणालाही तिथे मूळ प्रती पाहता येतात. मुंबईत लिलावांपूर्वी कलाकृतींची प्रदर्शने भरतात. तिथे जावे आणि संकोच न करता प्रश्न विचारावेत. तुम्ही स्वतः प्लेट कोरली आहे, शाई पुसली आहे, ही तुमची फार मोठी जमेची बाजू आहे. तिला कलेतिहासातील पदव्युत्तर शिक्षणाची आणि शक्य झाल्यास फ्रेंच किंवा जर्मन भाषेची जोड द्यावी, असे मी आग्रहाने सुचवेन. ॲडम बार्च या अभ्यासकाची 1803 ते 1821 या काळात प्रसिद्ध झालेली मुद्राचित्रांची 21 खंडांची सूची फ्रेंचमध्ये आहे आणि तिच्यातील क्रमांक आजही लिलावाच्या सूचीत दिले जातात.

नोकरीची सुरुवात बहुधा नोंदी ठेवणे, पत्रव्यवहार सांभाळणे, कलाकृती आत-बाहेर नेणे अशा कामांनी होते. त्यानंतर सूचीलेखन आणि पुढे तज्ज्ञपद. ओळखींचा उपयोग होतो, हे घरच्यांचे म्हणणे मी खोडून काढणार नाही. परंतु विक्रेता आपला संग्रह सोपवतो तो ज्याच्या शब्दावर विसंबता येते त्याच्याकडे, आणि तो विश्वास अभ्यासातूनच मिळवावा लागतो. आपल्याकडील लिलावांत रंगवलेल्या चित्रांचेच वर्चस्व आहे, त्यामुळे केवळ मुद्राचित्रांवर चालणारे पद सहज मिळणार नाही. काम मात्र भरपूर पडले आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने 1878 मध्ये पुण्यात सुरू झालेल्या चित्रशाळेची शिळाछापाची चित्रे, चित्तोप्रसाद यांची लिनोकट (लिनोलियमच्या तुकड्यावर कोरून छापलेली चित्रे), पॅरिसच्या ‘आतेलिए 17’ या मुद्राचित्रणाच्या कार्यशाळेत एकाच प्लेटवरून अनेक रंग छापण्याचे तंत्र विकसित करणारे कृष्णा रेड्डी यांच्या प्रती, यांपैकी एखादा विषय आताच निवडा आणि त्याच्या नोंदी करायला लागा.

प्रश्न : आमच्या वाड्यात राजा रविवर्मा यांचे लक्ष्मीचे छापील चित्र आहे. ते जुने आहे की नंतरची नक्कल, हे कसे ओळखावे?
– एक वाचक, सातारा

उत्तर : रविवर्मांचा छापखाना 1894 मध्ये मुंबईत सुरू झाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि 1906 मध्ये त्यांचे निधन झाल्यानंतरही छपाई करत राहिला. त्यामुळे छापखान्याचे नाव असले, तरी तेवढ्यावरून काळ ठरत नाही. भिंगातून पाहावे : दगडावरून छापलेल्या चित्रात रंगांचे अनियमित कण एकमेकांवर पडलेले दिसतात, तर अलीकडच्या ऑफसेट छपाईत ठिपके ठरावीक अंतरावर, शिस्तीत बसलेले असतात. चित्रावर जरीचे तुकडे किंवा टिकल्या चिकटवलेल्या असतील, तर त्या कृपा करून काढू नका. चित्रे अशी सजवण्याची त्या काळी रीत होती. विकण्याचा विचार असल्यास आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. 100 वर्षांहून जुनी कलाकृती पुरातन वस्तूंविषयीच्या 1972 च्या कायद्यानुसार खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. तेव्हा परदेशी ग्राहकाशी बोलणे करण्याआधी चित्राचे वय जाणकाराकडून लेखी ठरवून घ्यावे.