त्वचारोपणाचा पहिला प्रयोग? आधी लसिकाग्रंथी समजून घे

सुरुवातीला तीनच गोष्टी सांभाळ.

- यजमानाच्या, म्हणजे ज्याला त्वचा लावतोस त्या उंदराच्याच, स्ट्रेनच्या (जनुकीयदृष्ट्या एकसारख्या वंशाच्या) उंदराची त्वचा लावलेला गट हवाच. नुसत्या जखमेनेही काखेतली लसिकाग्रंथी (लिम्फ नोड, प्रतिकारपेशींची गाठ) फुगते. नवखे त्यालाच नकार, म्हणजे शरीराने परकी त्वचा नाकारणं, समजतात. माझंही पहिल्यांदा हेच झालं होतं.
- यजमान आणि दाता (ज्याची त्वचा लावली तो) सोडून तिसऱ्या स्ट्रेनची त्वचाही लाव. ती गळली आणि दात्याची टिकली, तरच खरी सहनशीलता, म्हणजे फक्त त्या दात्याच्या ऊतीला शरीराने न नाकारणं.
- पट्टी आवळू नकोस.

१९५३ मध्ये बिलिंगहॅम, ब्रेंट आणि मेडावार यांनी सहनशील उंदरांना त्यांच्याच स्ट्रेनच्या, पण दात्याच्या ऊतीविरुद्ध प्रतिकारशक्ती तयार झालेल्या उंदरांच्या लसिकाग्रंथींतल्या पेशी टोचल्या. छान टिकलेली त्वचा गळून पडली! म्हणजे त्वचा तीच होती, फरक यजमानाच्या लसिका ऊतींत होता. हे डोक्यात पक्कं बसू दे. टी पेशींचे (नकार घडवणाऱ्या प्रतिकारपेशींचे) उपप्रकार नंतर बघू, घाई नाही.