ग्योझा तव्याला का चिकटतात?

प्रश्न : ताई, मुलाकडे टोकियोला महिनाभर राहून आले. तिथले ग्योझा, म्हणजे मैद्याच्या पारीत सारण भरून तव्यावर भाजलेले कानवले, इतके आवडले की सांगलीला परतल्यावर तीनदा करून पाहिले. आम्ही शाकाहारी, म्हणून कोबी-गाजराचं सारण. त्याला पाणी सुटतं, पारी फाटते आणि काढायला गेलं की तळ तव्यावरच राहतो. शेवटी वैतागून कढईत तळले, तर करंज्याच झाल्या! कुठे चुकतंय?
– एक वाचक, सांगली

उत्तर : करंज्यांचं वाचून हसू आलं, कारण माझंही तेच झालं होतं. टोकियोत निशिकासाईला राहायचो, तेव्हा मी हौसेने दोन्ही कडा मिळवून छान मुरड घातली. तव्यावर ठेवले, तर एकही सरळ बसेना, सगळे आडवे. शेजारच्या आजींनी न बोलता एक पारी उचलली आणि फक्त पुढच्या कडेला पाच चुण्या घातल्या. मागची कड सपाट. ग्योझा आपोआप चंद्रकोरीसारखा वळला आणि बुडावर बसला. मुरडीची सवय हाताला असते, ती इथे विसरायची.

आता पाणी. पाव किलो कोबी अगदी बारीक चिरा, अर्धा चमचा मीठ चोळून दहा मिनिटं ठेवा आणि फडक्यात घट्ट पिळा. वाटीभर पाणी निघालं तरी हळहळू नका. गाजर कमीच घाला. कुस्करलेलं टोफू किंवा पनीर, मश्रूम, आलं, सोया सॉस घाला. तिथे ‘निरा’ नावाची लसणाच्या वासाची पात घालतात. आपण कांद्याची पात आणि दोन पाकळ्या लसूण जास्त. जपानी तिळाचं तेल भाजलेल्या तिळांचं असतं, आपल्या घाण्याच्या तेलाला तो वास नाही. चमचाभर तीळ खमंग भाजून कुटून घाला.

पारीसाठी २०० ग्रॅम मैद्याला साधारण ११० मिली कडकडीत पाणी. गार पाण्यात भिजवलेली पारी लाटताना आखडते. अर्धा तास झाकून ठेवा, मग ९ सेंटीमीटरच्या पाऱ्या लाटा. कडा पातळ, मधे किंचित जाड.

आणि तव्याला चिकटण्याचं म्हणाल, तर चिनी भाषेत या प्रकाराचं नावच ‘ग्वोथिये’, म्हणजे भांड्याला चिकटलेले! त्यांना चिकटू द्यायचं, पण सुटेपर्यंत थांबायचं. पसरट पॅनमध्ये चमचाभर तेल, मध्यम आच, ग्योझा मांडा. तळ बदामी झाला की अर्धी वाटी गरम पाणी ओतून लगेच झाकण. पाच मिनिटं. मग झाकण काढा आणि कान द्या. आधी रटरट ऐकू येईल, पाणी आटलं की आवाज बदलून चुरचुर सुरू होईल. तेव्हा कडेने थोडं तेल सोडा आणि दोन मिनिटं उलथन्याला हात लावू नका. तुम्ही बहुतेक रटरटीतच घाई करता.

तळायचेच असतील तर तसेही करतात, पण सारण आणखी कोरडं हवं.

सोबत सोया सॉस आणि व्हिनेगर निम्मं-निम्मं. वर कडकडीत तेल ओतलेलं लाल तिखट. जपानमधल्या हामामात्सु शहरात ग्योझा गोल मांडून मधोमध उकडलेले मोड ठेवतात. आपल्याकडे मोड आलेले मूग असतातच, बघा करून. आणि वाढताना भाजलेली बाजू वर ठेवा.