शुगरच्या डॉक्टरांना सांगायचं का?

प्रश्न : वय ५४, कराडजवळच्या गावात राहतो. २००८ पासून एआरटीवर, म्हणजे एचआयव्हीच्या औषधांवर आहे. सध्या रात्री टीएलडीची एक गोळी घेतो, व्हायरल लोडमध्ये, म्हणजे रक्तातला विषाणू मोजायच्या तपासणीत, काही सापडत नाही. माझा जोडीदार शिक्षक आहे, गावाच्या लेखी तो आमचा भाडेकरू. थोरल्या वहिनीला माझ्या आजाराचं ठाऊक आहे, आमच्या नात्याचं नाही. गेल्या महिन्यात शुगर निघाली. खाजगी डॉक्टरांनी मेटफॉर्मिन १००० सकाळ-संध्याकाळ दिली, गुडघ्यांसाठी कॅल्शियम दिलं. एचआयव्हीचं मी बोललो नाही, कारण त्यांचा कंपाउंडर आमच्या भावकीतला. वहिनी म्हणते, "भावजी, कुठं बोलू नका." काय करू?

उत्तर : दादा, डॉक्टरांना सांगा, आणि याच आठवड्यात सांगा. टीएलडीमध्ये डोल्युटेग्रॅव्हिर असतं. त्याच्यामुळे मेटफॉर्मिन अंगातून लवकर बाहेर पडत नाही, रक्तात साठतं. म्हणून दोन्ही चालू असताना मेटफॉर्मिन सहसा दिवसाला १००० मिलिग्रॅमच्या वर देत नाहीत. तुम्हाला २००० चालू आहे. टीएलडीचं माहीतच नसेल तर डॉक्टरांनी डोस कसा ठरवायचा? मात्र आपल्या मनानं कुठलीही गोळी बंद करू नका. कॅल्शियम सकाळी न्याहारीबरोबर घ्या, टीएलडी रात्रीच असू द्या. दोन्ही एका वेळी उपाशीपोटी घेतल्या तर टीएलडी अंगी लागत नाही. ॲसिडिटीचं पातळ औषधही टीएलडीनंतर निदान २ तास नको.

मी सांगलीचा, तुमच्यासारखाच, आणि तुमच्याही आधीपासून गोळ्यांवर. तेव्हा एचआयव्हीवर स्टॅव्ह्युडिन नावाची गोळी असायची. गाल आत गेले, पायांना रात्रभर मुंग्या. मार्केट यार्डात कुणी "टीबी झाला का रे?" विचारलं की मी हो म्हणायचो. त्या काळात टीबी सांगता यायचा, हे नाही. त्यामुळे तुमची भीती मला कुणी समजावून सांगायला नको. पण पन्नाशीनंतर आपल्याला शुगर, बीपी, हाडं, किडनी सगळ्यांचे डॉक्टर लागणार आहेत. त्यांच्यापासून टीएलडी लपवून चालणार नाही.

कंपाउंडरचं म्हणाल, तर डॉक्टरांकडे पाच मिनिटं एकांतात मागा आणि फाइलवर काय लिहायचं ते तिथंच बोलून घ्या. एचआयव्ही-एड्स कायदा २०१७ चा, लागू झाला १० सप्टेंबर २०१८ ला. तुमच्या संमतीशिवाय दवाखान्यातून ही माहिती बाहेर जाता कामा नये आणि एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारता येत नाहीत, असं त्यात स्पष्ट आहे. त्याच्या चारच दिवस आधी, ६ सप्टेंबरला, सर्वोच्च न्यायालयानं समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या ३७७ कलमातून आपल्याला मोकळं केलं होतं. गणपती तोंडावर आले होते. आरास लावता लावता मी सारखा पेपर उघडून तीच बातमी वाचत होतो.

तुमच्या नात्याचं शुगरच्या डॉक्टरांना सांगायची गरज नाही, ते सर्वस्वी तुमच्या दोघांचं. तरी मला विचाराल तर सरांना सोबत न्या. तुमची औषधं, वेळा, रिपोर्ट माहीत असलेलं एक माणूस तरी हवंच, आणि ते माणूस तुमच्याकडे आहे. वहिनींना माझा नमस्कार सांगा. इतकी वर्षं त्यांनी सांभाळलं, हे थोडं नाही. त्यांना एवढंच सांगा की गावात बोलायचं नाहीच, फक्त डॉक्टरांशी बोलायचं आहे.

जाताना एआरटीचं बुक न्या आणि क्रिएटिनिन तपासून घ्या. टीएलडीतलं टेनोफोव्हिर काय, मेटफॉर्मिन काय, दोन्हींना किडनी बघावी लागते. डोल्युटेग्रॅव्हिरनं आकडा जरा वर दिसू शकतो, तेव्हा रिपोर्ट एआरटी सेंटरच्या डॉक्टरांनाही दाखवा.