चपला काढायच्या का?

प्रश्न : मुलगा आम्हा दोघांना पोलंडला, क्राकोवला नेतोय. तिथल्या सेंट मेरी चर्चसाठी त्यानं जेमतेम तासभर ठेवलाय. आम्ही आजवर चर्चमध्ये पाऊल टाकलेलं नाही. आत कसं वागायचं? ह्यांचे गुडघे दुखतात, मनोरा चढवेल का?
– एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : चपला काढू नका. माझ्या जाऊबाईंनी सवयीनं दारातच काढल्या आणि गार फरशीवर पाय पडताच पुन्हा घातल्या! खांदे झाकलेले हवेत, पुरुषांनी टोपी काढायची. तुमच्या साडीला कोण काय म्हणणार? मोठं दार प्रार्थनेला येणाऱ्यांचं. आपण बाजूच्या दारानं, तिकीट काढून.

मुलाला सांगा, दुपारी बाराच्या आधी आत बसायचं म्हणजे बसायचं. समोरची लाकडी वेदी म्हणजे आपल्या देव्हाऱ्यासारखीच, दारं असलेली, पण कितीतरी पुरुष उंच; ती दारं त्याच सुमाराला उघडतात. फाइट श्टोस या कारागिरानं ती 1477 ते 1489 अशी बारा वर्षं कोरली. मधोमध मेरी गुडघ्यांतून खचतेय आणि भोवती येशूचे शिष्य. त्यांच्या हातांवरच्या शिरा बघा. मी चाळीस वर्षं चित्रकला शिकवली, पण लाकडात असे म्हातारे हात दुसरीकडे पाहिले नाहीत. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी ही वेदी उचलून जर्मनीला नेली होती; 1946मध्ये ती परत आली. छत निळं, त्यावर सोनेरी तारे. मान दुखेपर्यंत बघाल. (आपल्या कीर्तिमंदिरातल्या नंदलाल बोसांच्या भित्तिचित्रांपुढे आपण बडोदेकर कधी एवढं थांबलोय?)

मनोरा ह्यांना नको, चिंचोळ्या पायऱ्याच पायऱ्या आहेत. खरी गंमत खाली चौकातच आहे. दर तासाला वरून तुतारी वाजते, चार दिशांना चार वेळा, आणि प्रत्येक वेळी सूर मध्येच तुटतो. तातारांची धाड येतेय म्हणून इशारा देणाऱ्या पहारेकऱ्याच्या गळ्यात बाण घुसला, म्हणून, असं तिथं सांगतात. दंतकथाच ती. पण पहिल्यांदा सूर तुटला तेव्हा मी पुढचा ऐकायला तशीच तोंड उघडं ठेवून उभी होते. वाजवणारे अग्निशमन दलाचे जवान असतात, रात्रीसुद्धा. ह्यांना चौकात बाकावर बसवा. वाजवून झालं की खिडकीतून तो हात हलवतो. तुम्हीही हलवा, सगळेच हलवतात.