भारत न्यूट्रल आहे, मग आपल्याला काय धोका? : प्रश्नोत्तरे

युक्रेन युद्धावर फिरून फिरून तेच प्रश्न येतायत, म्हणून एकत्रच उत्तरं देतो.

यूएनमध्ये भारताने रशियाविरुद्ध मत दिलं नाही, म्हणजे आपण रशियाच्या बाजूने ना?

नाही. 2 मार्च 2022 च्या ठरावाला 141 देशांचा पाठिंबा, 5 विरोधात, 35 तटस्थ. आपण त्या 35 मध्ये होतो, 5 मध्ये नाही.

सर, एजंट म्हणतोय रशियन आर्मीत हेल्परचं काम आहे, भारत न्यूट्रल म्हणून आपल्या पोरांना फ्रंटवर पाठवत नाहीत. भाच्याला पाठवू का?

अजिबात नाही! देश न्यूट्रल असतो, खंदकात बसलेल्या पोराला त्याचा काडीचा उपयोग नाही, कारण त्याने सही केलेला करार सैन्याचा असतो आणि तोही रशियन भाषेत, त्याला वाचतासुद्धा येत नाही असा. टुरिस्ट व्हिसावर नेतात, तिथे पासपोर्ट काढून घेतात, थोडं ट्रेनिंग देऊन पुढे ढकलतात. मार्च 2024 मध्ये सीबीआयने अशाच टोळीवर मुंबईसकट अनेक शहरांत छापे टाकले. जुलै 2024 मध्ये पंतप्रधानांनी थेट पुतिन यांच्याकडे विषय काढला, तरी जानेवारी 2025 ला परराष्ट्र खात्याचा आकडा काय होता? भरती झालेले 126, मृत 12, बेपत्ता 16. आणि सप्टेंबर 2025 मध्ये खात्याला परत इशारा द्यावा लागला, म्हणजे हे एजंट अजून फिरतायत. "ओळखीचा आहे", "व्हिडिओत बघितलं" हे मला सांगू नका. एजंटची नोंदणी ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर बघा, मुंबईच्या प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सच्या (परदेशी कामाला जाणाऱ्यांसाठीच्या सरकारी अधिकाऱ्याच्या) ऑफिसात विचारा, पैसे दिले असतील तर आजच पोलिसांत जा. कुणी आधीच तिकडे अडकलं असेल तर मॉस्कोतल्या आपल्या दूतावासाला लगेच कळवा, एजंट "पुढच्या महिन्यात सोडवतो" म्हणतोय म्हणून थांबू नका.

आमचे मशीन पार्ट दुबईमार्गे रशियाला पाठवले तर चालेल? भारताने तर बंदी घातलेली नाही.

भारताने नाही, पण अमेरिकेने ऑक्टोबर 2024 मध्ये रशियाला माल पुरवल्याबद्दल काही भारतीय कंपन्यांवर निर्बंध टाकलेत. ऑर्डर घ्यायच्या आधी बँकेशी आणि या विषयातल्या वकिलाशी बोला.

मुलगी युद्धाजवळच्या देशात एमबीबीएसला आहे. वेळ आलीच तर सरकार 2022 सारखं आणेलच ना?

2022 च्या ऑपरेशन गंगात युक्रेनमधून 22 हजारांवर लोक आले हे खरं, पण 2 मार्चला तिथल्या खारकीव्ह शहरातल्या पोरांना दूतावासाने सांगितलं होतं की गाडी मिळत नसेल तर चालत निघा, संध्याकाळी सहाच्या आत पेसोचिनसारखी शहराबाहेरची ठिकाणं गाठा, आणि वर बॉम्बफेक चालू. तात्पुरतं निघा हा सल्ला 15 फेब्रुवारीलाच आला होता, पण परीक्षा, अटेंडन्स, महागडं तिकीट यात कितीतरी जण थांबले. मुलीची नोंदणी दूतावासात आहे का ते आज रात्रीच विचारा, आणि सल्ला आला की त्याच दिवशी तिकीट काढा, फीचं युनिव्हर्सिटीशी नंतर बोलता येईल.