‘वाचनालयात चाललेय’ एवढं सांगणं पुरतं

प्रश्न : ताई, नमस्कार. पलूस तालुक्यातल्या एका गावी ‘क’ वर्गाच्या वाचनालयात मी ग्रंथपाल आहे. गेल्या महिन्यात तान्हं बाळ घेऊन आलेली एक सून दिवाळी अंक चाळता चाळता रडायला लागली. मी पाण्याचा ग्लास पुढे केला, त्यापुढे काही सुचलं नाही. आता आमचं कार्यकारी मंडळ म्हणतंय, दर शनिवारी ‘पालक मानसिक आरोग्य केंद्र’ चालवू, उद्घाटनाला आमदारांना बोलावू. करावं का? कसं करावं?

उत्तर : करा की. आमदार नकोत आणि तो फलक तर मुळीच नको.

फलकाचं अनुभवाने सांगते. २०१९ च्या महापुरात सांगलीतल्या एका निवारा केंद्रात मी ‘समुपदेशन कक्ष’ अशी पाटी लावून दोन दिवस बसले. कुणी फिरकलं नाही. तिसऱ्या दिवशी पाटी काढली आणि मदतीत आलेल्या साड्या निवडणाऱ्या बायकांत जाऊन बसले. घड्या घालता घालता एक म्हणाली, पोरगं रात्री ‘पाणी, पाणी’ करत दचकून उठतं. दोन साड्यांनंतर म्हणाली, मी तर झोपतच नाही.

‘कुठं निघालीस?’ असं सासूबाईंनी विचारल्यावर ‘मनाच्या डॉक्टरकडे’ म्हणायची सोय आपल्याकडे नाही. ‘पोराला वाचनालयात नेते’ म्हणता येतं. तुमच्याकडे यायला कारण लागत नाही, हेच तुमचं भांडवल. ते पाटीपायी घालवू नका.

मंडळातलं कुणी ‘मनाच्या पुस्तकांचं वेगळं कपाट करू’ म्हणेलच. इंग्लंडात ‘रीडिंग वेल’ योजनेत २०१३ पासून तज्ज्ञांनी निवडलेली अशी पुस्तकं वाचनालयांतून मिळतात, डॉक्टरही ती सुचवतात. कल्पना छानच. पण गावात वेगळं कपाट म्हणजे दुसरी पाटी. ती पुस्तकं बालसंगोपन आणि पाककृतींच्या मध्ये सरकवा.

माणूस कुठून आणायचा? सिव्हिलमध्ये जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक असतं. मंडळाचा ठराव जोडून पत्र द्या, महिन्यातून एका शनिवारी समुपदेशक मागा. पहिल्या पत्राला उत्तर आलं नाही तर दुसरं घेऊन स्वतः जा. त्याआधी आशाताई आणि अंगणवाडीच्या ताईंना विश्वासात घ्या, कारण कुणाची बाळंतीण माहेरून परतली हे त्यांनाच ठाऊक असतं. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. दोन-तीन महिने शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, रात्री बाळ घ्यायला आई. मग एके दिवशी सासरी, आणि जागरण एकटीचं.

समुपदेशकाला ऑफिसात बसवू नका, बालविभागाजवळ सतरंजीवर बसवा. नववी-दहावीच्या दोन मुलींना गोष्टी वाचून दाखवायला सांगा. मूल नजरेसमोर असलं की आई बोलते. दुसऱ्या खोलीत असलं की तिचे कान तिकडेच. वडील मात्र सतरंजीवर येत नाहीत. ते पेपरच्या टेबलाशी रेंगाळतात, पोराच्या बारावीचं विचारतात, आणि उठता उठता द्राक्षबागेच्या कर्जाचं बोलून जातात. तिथंही एक खुर्ची मोकळी ठेवा.

आता माझी घोडचूक. सांगलीत एका वाचनालयात मी अशी बसायला लागले, तेव्हा पहिल्याच शनिवारी वही केली : नाव, मोबाइल, तक्रार. एक बाई सही करायला वाकली आणि थबकली. वरच्या ओळीत तिच्या जावेचं नाव होतं. तिनं वही मिटली, लोणच्यांचं पुस्तक घेतलं आणि गेली. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात गोपनीयतेचा हक्क आहे, हे मला पाठ होतं हो! तुम्ही वहीत फक्त काड्या मारा, किती जण आले तेवढ्या.

तुम्ही स्वतः सल्ला देऊ नका. एवढंच ओळखा : बाळंतपणानंतर पहिले काही दिवस उगाच रडू येणं पुष्कळ जणींना होतं, दोनेक आठवड्यांत ते ओसरतं. त्यापुढे टिकलं, बाळ झोपलं तरी आईचा डोळा लागत नसेल, बाळाची ओढच वाटत नसेल, तर डॉक्टरला दाखवायला हवं. आणि ‘जगून काय करू’ किंवा बाळाचं बरंवाईट करण्याचं बोलली, तर शनिवारची वाट नाही. तिला एकटी सोडू नका, घरचं माणूस बोलवा, त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

‘टेलिमानस’ ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन. तिचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. भिंतीवर लावलात तर चार जणांदेखत कुणी उतरवून घेणार नाही. पुस्तकात परतीच्या तारखेची चिठ्ठी चिकटवता ना, तिच्या तळाशी छापा. पुस्तक घरी जातं, नंबरही जातो. उद्घाटनाचे हारतुरे वाचले की छपाई त्यातच भागेल.

आणि ती सून पुन्हा आली तर ‘त्या दिवशी काय झालं होतं?’ असं विचारू नका. तो दिवाळी अंक काढून ठेवा आणि म्हणा, ‘तुमचा अर्धा राहिला होता.’